उसनं बोट

प्रिय रुखसार,

पत्र बघून हसशील. इतक्या वर्षांत मी तुला लिहिलं ते फक्त 'चावी खालच्या दुकानात ठेवलीय' एवढंच, आणि आज चांगले फुलस्केप कागद घेऊन आपल्या आरोग्य केंद्रात बसले आहे. तुझी नणंद समोरच्या खुर्चीत आहे. आफिया किती चिवट आहे ते तुला मी काय सांगायचं. म्हणते, ताई, पत्र हातात पडल्याशिवाय मी उठत नाही, मालेगावची साडेचारची एसटी चुकली तर पुढची धरीन. आत्ता दोन वाजलेत. परवा तू माहेरी ओट्याशी चक्कर येऊन पडलीस हे मला तिच्याकडूनच कळलं. मी लगेच फोन केला तर तुझ्या भावजयीनं उचलला. ऊन लागलं, लिंबू सरबत दिलं, आता झोपलीय, म्हणाली. त्याआधीही मी तुला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच बोलले, की तिथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त पुन्हा तपासून घे. तिन्ही वेळा तू फोन स्पीकरवर ठेवून हसलीस आणि म्हणालीस, अगं माझं कार्ड बघ ना, हिमोग्लोबिन अकरा पॉइंट आठ, तूच तर लिहिलंयस. सातवा महिना लागलेली बाई असं हसते तेव्हा मला काय होतं, ते मला त्या फोनवर सांगता येत नाही. तुमच्याकडे फोन म्हणजे चावडी. एकानं उचलला की सात जण ऐकतात.

आधी बातमी सांगते, म्हणजे निदान सुरुवात तरी चांगली होईल. आपलं अनुदान पुन्हा मंजूर झालं, आणखी तीन वर्षांसाठी. उद्या सकाळी अकराला अंबडला पैसे देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात करारावर सह्या आहेत. शेखर सरांनी मला मोरपंखी साडी नेसून यायला सांगितलंय, जसं काही माझं केळवणच आहे. ट्रस्टचा सचिव झाल्यापासून या माणसानं कधी कुणाला अर्धा चहा पाजला नाही, त्यानं काल अख्ख्या केंद्राला कुल्फी दिली. दारासमोर फलक लागलाय, त्यावर तुझा ईदच्या दिवशीचा हिरव्या ओढणीतला फोटो आहे. वर मोठ्या अक्षरांत, 'लाल ते हिरवं: रुखसारचा प्रवास'. तुझे मियाँ, इसाकभाई, दोनदा येऊन बघून गेले. गाद्यांच्या दुकानात लावायला एक छोटी प्रत मागितली आणि जाताना म्हणाले, हमारी रुखसार तो हिरोईन हो गई. मी हसले. हल्ली मी फार हसते. माझ्या आईनं परवा विचारलं, तुला कुठं दुखतंय का.

केंद्राचं सगळं तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण शेवटी जे लिहायचंय त्यासाठी हात अजून तयार होत नाही. सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो, तू माझी गणितं बघून लिहायचीस आणि तुझीच बरोबर यायची. मग लग्नं झाली, मी पंचवटीत, तू नदीच्या अलीकडे भद्रकालीच्या मागं, आणि पुन्हा गाठ पडली ती या केंद्राच्या सर्व्हेत. पहिल्या आठवड्यात बायका दार उघडून विचारायच्या, काय विकायला आलात. तू बुरख्याची टोपी मागं सारून म्हणायचीस, खाला, काही विकत नाही, उलट तुमचंच थेंबभर रक्त फुकटात न्यायला आलोय. की घरात एक पिंप हसू सांडायचं. तुझ्याशिवाय त्या गल्लीत मला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. दर मंगळवारी डॉक्टरबाई यायला लागल्या त्या या अनुदानामुळे. दवाखान्यात न्यायला रिक्षाचं भाडं मिळायला लागलं तेही त्यामुळेच. जुलेखाआपा आठवते ना, मला काही झालं नाही, मला काही झालं नाही, म्हणत जिना उतरेना, तिला तू आणि मी दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. दोन बाटल्या रक्त चढलं तिला. काल तिनं मला बळजबरीनं भज्यांचा पुडा दिला. हे केंद्र बंद पडलं तर पुढची जुलेखाआपा जिन्यातच राहील, असं मी स्वतःला रोज सांगते. ते खोटं नाही. म्हणूनच तर त्याच्यामागं इतके दिवस लपता आलं.

पण या पैशाला नियमांची दावण आहे. 'वेलनेस' म्हणून योगाच्या चटया आल्या, तणावमुक्तीचं व्याख्यान आलं, सकाळी सातचा हास्यवर्ग आला. सातला आपल्या गल्लीत नळ येतो. तू कंपनीच्या बाईंना सरळ सांगितलंस, मॅडम, नळ गेल्यावर बोलवा, हंडे भरले की आम्ही आपोआप हसतो. त्या बाई वाईट नाहीत. त्यांनी वर्ग नऊला नेला. पण टक्के त्यांच्याही हातात नाहीत. ठरलं होतं असं की दोन वर्षांत शंभरातल्या सत्तर बायका कमी रक्ताच्या लाल रकान्यातून निघून हिरव्यात आल्या पाहिजेत, नाहीतर प्रकल्प अयशस्वी. म्हणजे बघ, जिचं रक्त सगळ्यात कमी, जिला आपली सगळ्यात जास्त गरज, तीच आपल्या मुळावर उठणार. सुरुवातीला कुणाचे डोळे पांढरे दिसले की मला तिची काळजी वाटायची. नंतर नंतर तिच्यामागचे टक्के दिसायला लागले. एकदा एका बाईनं खोली बदलली, नाशिकरोडला राहायला गेली, आणि मला बरं वाटलं, कारण ती लाल होती. हे मी आजवर गोरक्षलासुद्धा सांगितलेलं नाही. मला लाज वाटते, रुखसार.

आणि मग तो मार्च. गेल्या वर्षी आकडे भरायची शेवटची तारीख एकतीस मार्च आणि पूर्ण महिना रमजान. तुझ्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, रोजा आहे, रक्त काढायचं नाही. मौलानासाहेबांनी सांगितलं की बोट टोचल्यानं रोजा तुटत नाही, तरी बायकांच्या मनाला पटेना, आणि इफ्तारनंतर यावं तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. तेव्हा खालच्या आळीतल्या सावित्रीबाईनं तोडगा काढला. ती म्हणाली, त्यात काय एवढं, तिच्या नावावर माझं बोट घ्या, मी काय परकी आहे, साखर देतो, मिरच्या देतो, बोट दिलं तर झिजतं का. आपण दोघी पोट धरून हसलो. कुणाला फसवायचं म्हणून नव्हतंच ते. ईदला शिरखुर्मा खाली येतो, दिवाळीला चिवडा वर जातो, तसं बोट गेलं. अकरा बायकांची बोटं उसनी घेतली आपण, आणि मी ठरवलं होतं, ईद झाली की खरं रक्त घेऊन आकडे दुरुस्त करायचे. पण कंपनीच्या ॲपमध्ये एकदा 'सादर करा' दाबलं की कुलूप. दुरुस्तीला वरून परवानगी, परवानगीला लेखी कारण. कारण काय लिहायचं? साखरेसारखं बोट मागितलं? तिथंच मी पहिल्यांदा गप्प बसले.

वर्षअखेरीला रकाने हिरवे दिसल्यावर सगळे खूष झाले आणि कुणी काही विचारलं नाही. यंदा पुन्हा मार्च, पुन्हा रमजान, पण या वेळी ते हसण्यावारी नव्हतं. तू वही घेऊन बसलीस. कुणाची सून धडधाकट, कुणाची जाऊ लाल, कुणी कुणाला बोट द्यायचं, सगळं तूच जुळवलंस, लग्नं जुळवावीत तसं. बायका तुझ्यासाठी करत होत्या आणि तू माझ्यासाठी. मला तू स्पष्ट म्हणाली होतीस, गोरक्षभाऊंचं काम सुटलंय, तुझा पगार गेला तर तुम्ही काय खाल, आणि मंगळवारच्या डॉक्टरबाई गेल्या तर आम्ही कुठं जायचं. मी कानावर हात ठेवले. खोलीबाहेर जाऊन उभी राहिले म्हणजे मला माहीत नाही असं होत नाही, पण तेव्हा मला तसं वाटत होतं. तुझ्या नावापुढं आफियानं बोट दिलं. आत येऊन मी कार्डावर अकरा पॉइंट आठ लिहिलं. तेव्हा तुला पाचवा महिना होता. रोजे धरू नकोस म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, तरी तू धरलेस. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या डब्याच्या मागं लपवल्यास. मला दिसत होतं की तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसतेस आणि पदर नीट करायचं नाटक करतेस. डाळ-तांदूळ निवडता निवडता कच्चे तांदूळ मुठीमुठीनं तोंडात टाकतेस हेही दिसत होतं. रक्त कमी असलं की बायकांना अशी खा-खा सुटते, हे गल्लीभर सांगत फिरणाऱ्या आपण दोघी.

आफिया विचारतेय, झालं का ताई. नाही झालं.

मला सुटायचं होतं, यावर तुझा विश्वास बसेल की नाही माहीत नाही. शेखर सरांना एकदा आडून विचारून बघितलं, की समजा काही आकडे चुकले असतील तर. ते फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, स्नेहल, चुकले असतील तर ते तुमचे चुकले असतील, सही तुमची आहे. गोरक्षला आकड्यांचं सांगितलं. अंबडचा ठेका संपल्यापासून तो घरी आहे, कुंभाच्या कामांवर कुठं सुपरवायझर लागतो का म्हणून रोज फिरतो. तो ओरडला नाही. इतकंच म्हणाला, खरं बोलून किराणा येत नाही, पण तुला झोप येत नाही तेही मी बघतोय, तूच ठरव. तेही माझ्याच गळ्यात. आणि तुझ्याकडे आले तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. तुला माझ्या पोटातल्या बाळाची कसम आहे, ब्र काढलास तर, म्हणालीस. बोललं तर केंद्र बंद, केंद्रात काम करणाऱ्या बायकांचं मानधन बंद, तुझं नाव गल्लीत बद्दू, माझी नोकरी गेलीच. नाही बोललं तर तू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत. मी रोज पूल ओलांडून इथं यायचे, कुलूप उघडायचे, आणि आत आल्यावर उलट कोंडल्यासारखं व्हायचं. तुझा फलक लागल्यापासून तर मी मागच्या दारानं येते.

तरी इथवर जे लिहिलं ते बहुतेक तुला माहीत आहे, तूही त्यात होतीस. आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. ईदनंतरच्या आठवड्यात कंपनीच्या बाई रक्त तपासायचं नवीन मशीन भेट द्यायला आल्या होत्या, तो दिवस आठव. त्या दारात फोनवर बोलत होत्या. तू खुर्ची ओढून बसलीस आणि म्हणालीस, उद्घाटन माझ्या बोटानं. तुला खरंच वाटत होतं की तू ठणठणीत आहेस, मार्चात आफियाचं बोट फक्त रोजा होता म्हणून घेतलं. मी टोचलं. थेंब इतका फिका होता की मी दुसऱ्यांदा दाबून बघितला. आकडा आला सहा पॉइंट चार. सातच्या खाली गेलं की बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, बाळंतपणापर्यंत थांबायचं नाही, नाहीतर बाळंतपणातला साधा रक्तस्रावसुद्धा तिला झेपत नाही, हे मी आजवर दोनशे बायकांना सांगितलं असेल. आणि मी काय केलं? मशीन बंद केलं. तुला म्हणाले, बिघडलंय गं हे, नवं असून. तू म्हणालीस, कंपनीचं आहे ना, आमच्यासारखं काटक नसणार. बाई आत आल्या तेव्हा मी माझं बोट पुढं केलं, बारा पॉइंट सहा आलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तू पण वाजवल्यास. सगळे गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि जुन्या मशीनवर पुन्हा स्वतःचं रक्त बघितलं. तोच आकडा आला. नव्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं. त्याला आज सव्वीस दिवस झाले. त्या सव्वीस दिवसांत तू सामान बांधून माहेरी गेलीस, तिथल्या प्रसूतिगृहातल्या बाईंनी आपलं कार्ड बघून रक्त छान आहे म्हणून सांगितलं, आणि मी तुला एसटीत बसवायला आले होते. खिडकीतून तुला पाण्याची बाटली दिली. तेव्हाही बोलले नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि मी लगेच माघार घेतली असती, म्हणाले असते, हो गं, असेल मशीनच. समोर आले असते तर तू पुन्हा तोंडावर हात ठेवला असतास. कागदावरचं मला परत घेता येणार नाही, माझ्यासाठीच ते तसं हवंय. हे संपलं की खाली जाऊन याची झेरॉक्स काढणार. मूळ पत्र आफियाबरोबर तुझ्याकडे येईल आणि उद्या अकराला सह्यांच्या आधी झेरॉक्स मी स्वतः कंपनीच्या बाईंच्या हातात देणार. मग केंद्राचं काय व्हायचं ते होईल. कदाचित डॉक्टरबाईंचं येणं तेवढं टिकेल, कदाचित नाही, मी हात जोडीन, मला काही खात्री नाही. बाळाची कसम मी मोडली. तू बोलायची बंद झालीस तरी चालेल, पण आधी दवाखान्यात जा. आपल्याकडे पत्राच्या शेवटी लिहितात, वाचून झाल्यावर फाडून टाक. हे फाडू नकोस. डॉक्टरांना दाखव, इसाकभाईंना बोलावून घे आणि त्यांनाही दाखव, तुझ्या भावजयीला मोठ्यानं वाचून दाखव, चावडी झाली तरी चालेल. आफियाला मी बजावलंय, तू रिक्षात बसल्याशिवाय तिनं परत यायचं नाही. रस्ताभर ती रडेल. तिला रागावू नकोस. बोट तिनं मायेनं दिलं होतं, खोटा आकडा मी लिहिला, आणि खरा आकडा माहीत असून गप्पही मीच बसले.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
स्नेहल